लाल घळीचा पंचनामा

“लाल आहे का ते बघून ये, धाकट्या. कोणाचं ऐकून सांगू नकोस, आणि पुस्तकातलं तर मुळीच सांगू नकोस. स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आणि फोटो आण, दाराएवढा. त्याहून लहान मला आता दिसत नाही.”

आक्कांचा हा हुकूम निरीक्षकांच्या कानात पुढे महिनाभर वाजत राहिला. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. दर वर्षी वाळवंटाचा धडा आला की आक्का फळ्यावर लाल खडूने ती प्रसिद्ध घळ काढत. कुठल्याशा नदीने लाखो वर्षं दगड कापून केलेली, उंच भिंतींची आणि आता सरकारने कुंपण घालून उद्यान म्हणून जाहीर केलेली. पुस्तकातलं चित्र काळं-पांढरं होतं. खाली मात्र ‘लाल घळ’ असं छापलेलं होतं, म्हणून आक्काही मुलांना लाल सांगत. एका वर्षी एका मुलीने वहीत ती घळ तपकिरी रंगवली. आक्कांनी तिचे दोन गुण कापले. तेव्हा ती मुलगी उभी राहून म्हणाली, “बाई, तुम्ही बघितलीये का?” आक्कांनी तिला खाली बसवलं. मुलगी बसली, प्रश्न मात्र उभाच राहिला.

आता आक्कांचा डावा डोळा गेला होता आणि उजव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यातल्या गुरुवारी ठरलं होतं. डॉक्टर “बघू या” म्हणाले होते. डोळ्यांच्या डॉक्टरने “बघू या” म्हणावं यात धीर येण्यासारखं फारसं काही नसतं. त्या गुरुवारच्या आत, दिसतंय तोवर, ते दोन गुण कापले ते बरोबर होतं की नाही, एवढंच आक्कांना जाणून घ्यायचं होतं. निरीक्षकांनी शब्द दिला.

निरीक्षक म्हणजे वजनमापे निरीक्षक. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी ते बाजारात दिसले की भाजीवाल्याचा अंगठा काट्यावरून आपोआप उचलला जाई. आयुष्यभर त्यांनी एकच मंत्र जपला होता: तपासा, जुळवा, मोहोर लावा. एकदा मोहोर लागली की त्या काट्याला ब्रह्मदेवानेसुद्धा हात लावायचा नाही. घरातही तीच रीत. भिंतीवरच्या घड्याळाच्या किल्लीवर त्यांच्या सहीची कागदी पट्टी होती. लोणच्याच्या बरणीवर होती. एकदा पाहुण्यांनी पंख्याचा वेग वाढवला म्हणून पंख्याच्या बटणावरही लागली, आणि ऐन उन्हाळ्यात ती फाडायला नियमाप्रमाणे दोन साक्षीदार हवेत म्हणून सगळं घर पाऊण तास घामाघूम बसलं होतं.

त्यांच्या पत्नीला सगळी इमारत वहिनी म्हणे. वहिनींचा एक नेम होता. सकाळी उठल्यापासून सूर्य पुरता वर येऊन माळ पुरी होईपर्यंत त्या एक शब्द बोलत नसत. “दिवसाचा पहिला शब्द वाया जाऊ नये,” एवढंच त्या कारण सांगत. अकरा वर्षं नेम मोडला नव्हता. त्या वेळात काही सांगायचं झालं तर त्या हाताने खूण करत. त्या खुणा कशा समजून घ्याव्यात हे मात्र निरीक्षकांना अकरा वर्षांत जमलं नव्हतं. वहिनींनी शेगडीवर उतू जाणाऱ्या दुधाकडे बोट दाखवलं, की ते बोटाकडे बघत आणि म्हणत, “का गं, अंगठी सैल झाली का?”

तर फोटो. कॅमेरा दिला तळमजल्यावरच्या स्टुडिओवाल्याने. हा गृहस्थ तीस वर्षं ओळखपत्रांचे फोटो काढत आला होता, आणि आपल्यातला कलावंत लोकांच्या कानशिलांखाली चिरडून मेला अशी त्याची तक्रार होती. “दोन्ही कान दिसले पाहिजेत” या सरकारी अटीवर तो अर्धा तास बोलू शके. घळ म्हटल्यावर त्याचे डोळे पाणावले.

“साहेब, न्या. माझा स्वतःचा न्या. पण आधी तुमचा एक काढतो, कॅमेरा कसा बोलतो ते बघा.”

त्याने निरीक्षकांना खुर्चीवर बसवलं, कॅमेऱ्यावरच्या दोन चकत्या फिरवल्या आणि फोटो काढला. पडद्यावर निरीक्षक उमटले ते काळे-पांढरे, गंभीर, जणू एखाद्या देशाची घटना लिहून नुकतेच उठलेत. निरीक्षकांनी फोटो जवळून पाहिला. मग लांबून पाहिला. आपल्या चेहऱ्यात एवढं काही आहे, हे घरात आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

“हे… चांगलं आलंय,” ते शक्य तेवढ्या अलिप्तपणे म्हणाले.

“एकदम जुळलंय, साहेब.”

‘जुळलंय’ हा शब्द ऐकताच निरीक्षकांचा हात सवयीने खिशात गेला. डिंकाची बाटली, कागदी पट्ट्या आणि पेन त्यांच्याजवळ असेच. स्टुडिओवाला तोंड उघडून बघत राहिला तोवर कॅमेऱ्याच्या दोन्ही चकत्यांवर पट्ट्या बसल्या, सह्या झाल्या, तारीख पडली.

“अहो साहेब, पण तिकडे गेल्यावर…”

“तिकडे गेल्यावर कोणी हात लावू नये म्हणूनच.”

स्टुडिओवाला पुढे काही बोलणार होता. पण तेवढ्यात एक बाई पारपत्राच्या फोटोसाठी आल्या, त्यांचे कान केसांत होते, आणि तो त्यात गुंतला.

राहिलेलं काम समोरच्या मावशींनी केलं. मावशी कधी कुठे गेल्या नव्हत्या, त्यामुळे प्रवासाबद्दलची त्यांची मतं पक्की होती. “तो मागचा पडदा बघत बसू नका हो. आमचे जावई असेच समुद्रावर गेले. काढला की बघ, काढला की बघ. सूर्य बुडायच्या आत बॅटरी बुडाली.” निरीक्षकांना हे पटलं. त्यांनी पडद्याच्या मापाचा पुठ्ठा कापला, चिकटवला आणि त्यावरही सही केली. आता फोटो काढायचा तो भिंगातून बघून. शिवाय क्षितिज तिरकं यायला नको म्हणून गवंड्याकडची एक लहान पाणसळ आणून त्यांनी ती कॅमेऱ्याच्या डोक्यावर रबराने बांधली. हिरव्या नळीतला बुडबुडा मध्यभागी आला म्हणजे जग सरळ.

तयारी इतकी निर्दोष झाल्यावर दुसरा कोणी थेट निघाला असता. पण उद्यानात पहाटे शिरून फोटो काढायला परवाना लागे, आणि अर्जात एक रकाना होता: ‘छायाचित्रणाचा उद्देश: व्यावसायिक, शैक्षणिक, वैयक्तिक, नको ते खोडावे.’ इतर लोक पहिले दोन खोडून मोकळे होत. निरीक्षकांना ते जमेना. काम बहिणीचं, म्हणजे निव्वळ वैयक्तिक नाही. बहीण शिक्षिका, पण निवृत्त, म्हणजे शैक्षणिक म्हणता येत नाही. शेवटी त्यांनी तिन्ही खोडले आणि समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘दगड लाल आहे किंवा कसे, याची खात्री करणे.’

उद्यानाच्या कार्यालयातल्या कारकून बाईंनी ते दोनदा वाचलं.

“दगडाची खात्री म्हणजे संशोधन झालं, काका. त्याला संस्थेचं पत्र लागतं.”

“संस्था नाही. बहीण आहे.”

“मग बहिणीचं पत्र आणा.”

“तिला दिसत नाही.”

“मग ती फोटो कशी बघणार?”

“थोडं दिसतं. दाराएवढं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “काका, ‘वैयक्तिक’वरची काट मीच खोडू का? दोन मिनिटांत मोकळे व्हाल.”

“काट खोडली तर तिथे सही लागेल,” निरीक्षक म्हणाले, “आणि मी खोटी सही करत नाही.”

या बाणेदारपणात दोन आठवडे गेले. अखेर आक्कांनी अंदाजाने सही केलेलं पत्र गेलं. त्यातली सही पत्राच्या खाली नसून बाजूला होती, म्हणून ते एकदा परत आलं. शेवटी परवाना आला तो ऑपरेशनच्या आधीच्या रविवारचा. त्यानंतर तारीख शिल्लक नव्हती. वहिनींनी पिशवी भरली. निरीक्षकांनी पांढरा शुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घातला. सरकारी कामाला ते पांढऱ्या शर्टाशिवाय कधी गेले नव्हते, आणि हे काम त्यांच्या मते सरकारीपेक्षा वरचं होतं.

रविवारी पहाटे उद्यानाच्या फाटकावर रखवालदाराने त्यांचा तिपाई स्टँड बघितला, मान डोलावली आणि “जा” म्हणाला. गोष्ट इथे सुखाने पुढे सरकली असती. पण फाटकाला लागून पाटी होती: ‘कमरेपेक्षा उंच तिपाईस वेगळा परवाना.’ निरीक्षक थांबले. त्यांनी खिशातली टेप काढली. आधी तिपाई मोजली, मग रखवालदाराची कंबर.

“चार बोटं जास्त आहे,” ते म्हणाले.

“चालतंय हो, साहेब.”

“चालत नाही. पाटी तुमचीच आहे.”

रखवालदाराने वहिनींकडे पाहिलं. वहिनींचा नेम चालू होता. त्यांनी आकाशाकडे पाहिलं. तिपाई फाटकाजवळच्या खोलीत जमा झाली, तिची पावती झाली, आणि निरीक्षक नुसता कॅमेरा घेऊन आत गेले. आपल्या सचोटीने आपलाच एक पाय, खरं म्हणजे तीन पाय, कापून घेतल्याचं समाधान त्यांच्या चालण्यात दिसत होतं.

घळीच्या काठावर कठडा घातलेली जागा होती. पंधरा-वीस माणसं आधीच गोळा झाली होती, शाली लपेटून, थर्मासमधला चहा पीत, लग्नघरात मुहूर्ताची वाट बघावी तशी. समोर अंधूक उजेडात भिंत उभी होती. अजून तिला कसलाच रंग नव्हता. कठड्याच्या डाव्या टोकाला, जिथून भिंत सर्वांत चांगली दिसे, तिथे कठडा संपून मातीचा एक लहानसा उतार होता. निरीक्षक नेमके तिथे जाऊन उभे राहिले. वहिनी चार पावलांवर माळ घेऊन उभ्या राहिल्या.

आणि ऊन आलं. आधी भिंतीच्या माथ्यावर एक रेघ उमटली, मग ती खाली उतरू लागली. निरीक्षकांनी डोळा भिंगाला लावला, फोटो काढला, वर पाणसळीकडे बघितलं. बुडबुडा डावीकडे. कॅमेरा हलवला. बुडबुडा उजवीकडे. तिपाई असती तर हे झालं नसतं. श्वास रोखला. बुडबुडा मध्यभागी. दाबलं. पुन्हा बुडबुडा. पुन्हा दाबलं. सगळी भिंत चौकटीत बसेना, म्हणून ते एक पाऊल मागे सरकले.

वहिनींनी हात वर केला आणि जोरजोरात त्यांच्या मागे बोट दाखवलं.

“हो हो, बघतोय,” निरीक्षक म्हणाले. “सुंदर आहे.” आणि आणखी एक पाऊल मागे गेले.

वहिनींनी दोन्ही हात हलवले. माळ हवेत फिरली.

“अगं, किती आनंद होतोय तुला!”

तिसरं पाऊल ठेवायला जमीन नव्हती. फार खोल काही नव्हतं, दोन पुरुष उंचीचा उतार असेल, पण निरीक्षक तो पाठीवरून गेले, भुसभुशीत दगडाला घासत, सावकाश, जवळजवळ प्रतिष्ठेने. दोन्ही हातांनी कॅमेरा छातीशी घट्ट धरलेला होता. तळाला ते बसले तेव्हा बुडबुडा बरोबर मध्यभागी होता. शाली पांघरलेली पंधरा-वीस माणसं आयुष्यात एकदाच दिसणाऱ्या त्या भिंतीकडे पाठ करून त्यांच्याकडे बघत होती. कोणीतरी त्यांचा फोटोही काढला.

त्यांना वर ओढून घेईपर्यंत सूर्य पुरता आला होता आणि सगळं पांढरं, लख्ख, डोळ्यांना चुरचुरणारं झालं होतं. भिंत आता उन्हाने विटलेल्या पडद्यासारखी दिसत होती. वहिनींनी शेवटचे मणी ओढले, माळ डोळ्यांना लावली आणि दिवसाचा पहिला शब्द उच्चारला.

“लागलं का?”

“नाही. तू बोलली का नाहीस?”

“तोंडाशी आलं होतं. पण मी ‘मागे बघा’ म्हटलं असतं, तर तुम्ही आधी ‘का?’ विचारलं असतं. पडायचे ते पडलाच असता, आणि माझा नेमही गेला असता.”

परतताना फाटकावर आणखी एक पाटी होती: ‘खडा, माती, वाळू बाहेर नेण्यास सक्त मनाई.’ रखवालदाराने सगळ्यांचे बूट झाडून घेतले, पिशव्या उलट्या केल्या. निरीक्षकांच्या पाठीमागे आल्यावर मात्र तो थबकला. मानेपासून कमरेपर्यंत शर्ट माखला होता. निरीक्षक कर्तव्यबुद्धीने पाठ झटकू लागले.

“राहू द्या, साहेब,” रखवालदार म्हणाला. “उचललेलं नेता येत नाही. अंगाला लागलेलं ज्याचं त्याचं.”

परतीच्या बसमध्ये पाच तास निरीक्षकांनी पाठ आसनाला टेकवून ठेवली. एका म्हाताऱ्या बाईंना जागा द्यायची वेळ आली तेव्हा वहिनी उठल्या. घरी पोहोचल्यावर त्यांनी शर्ट काढून वहिनींच्या हातात कोंबला. “धुऊन टाक. मावशींच्या दृष्टीला पडायला नको.”

सोमवारी संध्याकाळी तळमजल्यावर कॅमेऱ्याची मोहोर उघडण्याचा समारंभ झाला. साक्षीदार दोन, स्टुडिओवाला आणि मावशी. निरीक्षकांनी पट्ट्या तपासल्या, “मोहोर शाबूत” असं मोठ्याने म्हटलं आणि पुठ्ठा काढला.

सत्तेचाळीस फोटो. शेवटचा सोडला तर प्रत्येक फोटोत क्षितिज आखल्यासारखं सरळ. आणि प्रत्येक फोटो काळा-पांढरा. शेवटच्या फोटोत फक्त आकाश होतं, तेही राखाडी.

मग स्टुडिओवाला हळूच म्हणाला, “कलेच्या दृष्टीने पाहिलं तर…”

“रंग?” निरीक्षक म्हणाले.

“ते… तुमचा फोटो काढताना मी तसं लावलं होतं. परत फिरवणार होतो. तुम्ही पट्टी लावलीत.”

“छापायला देऊ नका बाई कोणाला,” मावशी म्हणाल्या. “सिमेंटची भिंत वाटतेय.”

स्टुडिओवाल्याला मनापासून वाईट वाटलं होतं. “साहेब, काळजी करू नका. संगणकावर रंग भरून देतो. किती लाल पाहिजे ते सांगा, तेवढं करतो. आक्कांना कुठे कळणार आहे?”

त्याने चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण आयुष्यभर लोकांनी काट्याखाली चिकटवलेली चिंच, पोकळ वजनं, दट्ट्या बसवलेली मापं धरलेल्या माणसाला कोणी असं बोललं नव्हतं. निरीक्षक उठून उभे राहिले. “ज्याला कळणार नाही, त्याचंच माप खरं द्यायचं असतं,” एवढं म्हणून ते जिना चढून वर गेले.

वर येऊन ते वहिनींसमोर बसले. “तू तरी बघितलंस ना? लाल होती?”

“तुम्हीच तर डोळा लावून उभे होतात.”

“मी बुडबुडा बघत होतो.”

“मी तुम्हाला बघत होते,” वहिनी म्हणाल्या.

म्हणजे दोन माणसं पाच तासांचा प्रवास करून, परवाना मिळवून, तिपाईची पावती घेऊन घळीसमोर उभी राहिली होती, आणि घळ दोघांपैकी कोणीच बघितली नव्हती. निरीक्षक त्या दिवशी जेवले, पण मीठ कमी होतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. असं याआधी एकदाच झालं होतं, वडील गेले तेव्हा. मंगळवारी त्यांनी आक्कांना फोन करायला तीनदा उचलला आणि तीनदा ठेवला. सांगायचं काय? ‘पुस्तकात म्हटलंय तसंच’ असं सांगता आलं असतं. पण तेवढंच तर सांगायचं नव्हतं.

बुधवारी पहाटे ते गॅलरीत रस्त्याकडे पाठ करून, कपातला चहा गार करत बसले होते. उद्या ऑपरेशन. वहिनी माळ घेऊन आल्या. त्यांनी हात वर केला आणि निरीक्षकांच्या मागे बोट दाखवलं.

निरीक्षकांनी आधी बोटाकडे बघितलं. अंगठीकडे बघितलं. आणि मग त्यांना आपली पाठ आठवली, आणि त्यांनी मागे वळून बघितलं.

दोरीवर त्यांचा पांढरा शर्ट टांगलेला होता. पाठ बाहेर करून, चार चिमटे लावून, ताणून. धुतलेला नव्हता. अजून ऊन आलं नव्हतं. त्या सावलीत पाठीवरचा मानेपासून कमरेपर्यंतचा तो पट्टा तपकिरी दिसत होता. स्पष्ट तपकिरी, वहीत कोणा मुलीने रंगवावा तसा. निरीक्षक परत वहिनींकडे वळले. वहिनींनी हात खाली घेतला नाही. थांबा, अशी ती खूण होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ती कळली.

समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून ऊन आलं. आधी कॉलरवर, मग खांद्यांवर, मग हळूहळू खाली. जिथे जिथे ते पोहोचत गेलं तिथे तिथे तो पट्टा लाल होत गेला. खडूसारखा नाही. आतून तापल्यासारखा. कमरेपाशी, जिथे अजून सावली होती, तिथे तो तपकिरीच होता.

निरीक्षक बराच वेळ बघत राहिले. या वेळी हातात पाणसळ नव्हती.

मग त्यांनी एकेक चिमटा काढला, शर्टाची घडी घातली, पाठ आतल्या बाजूला येईल अशी, आणि तो कागदी पिशवीत ठेवला. हात खिशातल्या डिंकाच्या बाटलीकडे गेला आणि तसाच परत आला. आक्कांच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे की दक्षिणेला, हे ते आठवत होते. पूर्वेलाच. पण शेजारचं झाड वाढलंय, तेव्हा तिथे ऊन नऊला येतं. साडेसातची बस मिळाली तर ती आधी सावलीत बघेल, मग उन्हात. तपकिरी की लाल, ते तिचं ती ठरवेल. आणि त्या मुलीचे दोन गुण परत द्यायचे झाले, तर आता ती मुलगी कुठे असेल, ते शोधावं लागेल. ते काम मागाहून.

वहिनींची माळ अजून चालू होती. त्यांचा नेम मोडू नये म्हणून निरीक्षकांनी बूट हातात घेतले, दार आवाज न करता ओढलं, आणि पिशवी छातीशी धरून अनवाणीच जिना उतरू लागले.